चुलीवर घडलेले मोल : मालदीवच्या सुक्या ट्यूनाचा इतिहास

ट्यूनाच्या पोषणमूल्याचे आकडे हल्ली सहज हाती येतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार स्किपजॅक जातीच्या कच्च्या ट्यूनाच्या 100 ग्रॅम मांसात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने आणि 103 किलोकॅलरी असतात. तोच मासा शिजवला की 100 ग्रॅममागे 28 ग्रॅम प्रथिने आणि 132 किलोकॅलरी मिळतात. आकडा वाढला म्हणून चुलीवर नवी प्रथिने तयार झाली असे होत नाही. कच्च्या मांसात 70 टक्के पाणी असते, शिजल्यावर ते 62 टक्क्यांच्या आसपास येते. पाणी निघून गेले की उरलेला ऐवज दाट होतो. हे पाणी काढण्याचे काम मालदीव बेटांवरच्या लोकांनी निदान सातशे वर्षे केले आणि त्यावर आपला संसार, व्यापार आणि राज्य चालवले. त्यांचा इतिहास पाहिला की तक्त्यातल्या आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. शिजवलेल्या ट्यूनाचे पोषणमूल्य समुद्रातून तयार मिळत नाही. गळ आणि हंडा यांच्यामधला वेळ, शिजवणाऱ्या हातांचे कसब आणि त्या माशाच्या बदल्यात येणारा तांदूळ या तीन गोष्टींनी ते घडते. यातली एक जरी निखळली, तरी माशातली प्रथिने तेवढीच राहून माणूस उपाशी राहू शकतो.

सुरुवात माशाच्या देहापासून करावी लागेल, कारण ट्यूना शिजवणे ही नुसती चवीची बाब नाही. आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर ज्याला कुपा म्हणतात तो याच घराण्यातला. बोंबील पातळ आणि हलका असतो. तो बांबूंच्या आडव्या काठ्यांवर टांगला की ऊन-वारा त्याला सुकवून टाकतात, आधी उकडण्याची गरज पडत नाही. ट्यूनाचे तसे नाही. हा सतत वेगाने पोहणारा मासा आहे. त्याचे स्नायू रक्ताने भरलेले, जाड आणि लालभडक असतात, आणि त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्यापेक्षा जास्त असते. पकडल्यावर तो लवकर थंड होत नाही. शिवाय त्याच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. उष्ण हवेत मासा पडून राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात, आणि असा मासा खाणाऱ्याच्या अंगावर लाली येते, डोके ठणकते, उलट्या होतात. एकदा तयार झालेले हिस्टामिन नंतर कितीही शिजवले तरी जात नाही. म्हणजे विषुववृत्ताजवळच्या उन्हात, बर्फाचा मागमूस नसताना, ट्यूना वेळेत हंड्यात गेला तरच ते अन्न ठरते. मालदीवची मासेमारीची रीत या अटीला नेमकी जुळणारी होती. पहाटे धोनी ही शिडाची होडी निघे, आधी खडकांजवळ बारीक जिवंत मासे आमिष म्हणून पकडले जात, मग ते पाण्यात टाकून खवळलेल्या ट्यूनाच्या थव्यातून काठी आणि गळाने एकेक मासा उचलला जाई. त्याच दिवशी होडी घरी परते. जाळ्यात तासन् तास गुदमरून मेलेला मासा आणि असा एकेक उचललेला मासा, दोघांची प्रथिने सारखीच. पण हंड्यात जाताना त्यांची अवस्था सारखी नसते.

या पद्धतीचा सविस्तर लेखी पुरावा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच्याकडून मिळतो. 1343 च्या अखेरीस तो मालदीवला पोचला, तिथे काझी झाला आणि 1344 मध्ये निघून गेला. तिथल्या लोकांच्या अन्नाबद्दल तो लिहितो की त्यांचा मुख्य मासा लाल मांसाचा असतो, त्याला चरबी नसते. माशाचे चार तुकडे करून ते हलके शिजवतात, माडाच्या झावळ्यांच्या टोपल्यांत घालून धुरावर टांगतात आणि पूर्ण सुकल्यावर खातात. हा माल हिंदुस्थान, चीन आणि येमेनकडे जातो, असेही तो नोंदवतो. चिनी प्रवासी वांग दायुआन याने 1349 च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात या बेटांच्या मालात काथ्याचे दोर आणि कवड्यांसोबत सुका मासा आहे. पंधराव्या शतकात चिनी नौसेनापती चेंग हो याच्या आरमारासोबत फिरलेला मा हुआन सांगतो की इथे माशाचे मोठे तुकडे करून वाळवतात, साठवतात आणि परदेशी व्यापारी ते विकत नेतात. 1602 मध्ये जहाज फुटून मालदीवमध्ये अडकलेला फ्रेंच खलाशी फ्रान्स्वा पिरार तिथे 1607 पर्यंत राहिला. तो सांगतो की हा मासा समुद्राच्या पाण्यात शिजवून मग सुकवतात, तो खूप दिवस टिकतो आणि हिंदुस्थानभर त्याला मोठी मागणी असते. अरबी, चिनी आणि फ्रेंच अशा तीन वेगवेगळ्या परंपरांतल्या, अडीचशेहून अधिक वर्षांच्या अंतरात पसरलेल्या या साक्षी मिळून शिजवणे, वाळवणे आणि विकणे या एकाच मालिकेकडे बोट दाखवतात. इतकी एकवाक्यता योगायोगाने येत नाही.

इब्न बतूताने सांगितलेले चार तुकडे आजही तसेच पाडले जातात. माशाचे डोके आणि आतडी काढतात, मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी मांस सोडवतात आणि प्रत्येक बाजू लांबीत चिरून दोन करतात. मग खाऱ्या पाण्यात उकडणे, नारळाच्या सोडणांच्या आणि लाकडाच्या धुरावर ठेवणे, आणि कित्येक दिवस उन्हात वाळवणे. धुरावरून उतरलेला, अजून थोडा मऊ असलेला मासा म्हणजे वल्होमस. पूर्ण सुकून टणक झालेला तो हिकिमस. चांगला हिकिमस फोडला की आतून गडद लाल, काचेसारखा चकचकीत दिसतो आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर लाकडासारखा खणखणीत वाजतो. साधारण पाच किलो ताज्या माशाचा एक किलो हिकिमस होतो, आणि त्या एका किलोत प्रथिनांचे प्रमाण दोन तृतीयांशाच्या घरात जाते. धुराने बुरशी आणि जिवाणू रोखले जातात, पाणी गेल्याने वजन घटते, आणि वर्षभर टिकणारा, गलबतात कुठेही रचून ठेवता येणारा माल तयार होतो. मासे पकडणे पुरुषांचे काम होते. चिरणे, उकडणे, धुरावणे आणि वाळवणे बहुतांश बायकांच्या हातचे. भारताच्या हद्दीतल्या मिनिकॉय बेटावर मालदीवचीच भाषा आणि हीच रीत आहे, आणि तिथला मासमिन म्हणजे याच मालाचे दुसरे नाव. हे बेट दीर्घकाळ कण्णूरच्या अरक्कल घराण्याच्या ताब्यात होते, पण राजकीय सीमा बदलल्या तरी चुलीवरचे कसब एकच राहिले.

इथे आहारशास्त्राच्या अंगाने एक रास्त आक्षेप येतो. इतके उकडले, धुरावले आणि वाळवले तर माशातली जीवनसत्त्वे उरतात का? याचे उत्तर घटकागणिक वेगळे आहे. प्रथिने उष्णतेने उलगडतात, पण त्यांतली अमिनो आम्ले बहुतांशी टिकतात. नायसिन हे जीवनसत्त्व उष्णतेला दाद देत नाही. शिजवलेल्या स्किपजॅकच्या 100 ग्रॅममध्ये ते जवळपास 19 मिलिग्रॅम असते, म्हणजे प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त. सेलेनियम सुमारे 47 मायक्रोग्रॅम आणि बी-12 सुमारे 2 मायक्रोग्रॅम मिळते. स्किपजॅक मुळातच कमी चरबीचा असल्याने ओमेगा-3 मेदाम्लांचा मोठा साठा त्यात नसतो, आणि असतो त्यातला काही भाग धूर-उन्हात नक्कीच खराब होतो. हे नुकसान मान्य केले पाहिजे. खरी गळती मात्र पाण्यात विरघळणाऱ्या घटकांची असते. ते भांड्यातल्या पाण्यात उतरतात, आणि पाणी फेकले की तेही जातात. मालदीवच्या स्वयंपाकात हे पाणी फेकत नाहीत. माशाचे निवळ पातळ सार म्हणजे गरुधिया. ते भातावर ओतून रोज खाल्ले जाते. आणि एकामागून एक मासे उकडलेले तेच पाणी तासन् तास आटवले की दाट, तपकिरी, खारट लगदा उरतो, तो रिहाकुरु. तो बरण्यांत भरून महिनोन्महिने टिकतो. म्हणजे ज्या घटकांना पोषणतज्ज्ञ गळती म्हणतात, त्यांच्यासाठी इथे दुसरे भांडे तयार होते. रिहाकुरुत मीठ फार असते आणि रक्तदाबाच्या दृष्टीने ते जपून खावे लागते, हे खरेच. तरीही शिजवण्याने मासा निःसत्त्व होतो हा सरसकट समज या स्वयंपाकघरात टिकत नाही.

आता तिसऱ्या गोष्टीकडे, तांदळाकडे येऊ, कारण युक्तिवादाचा कणा तोच आहे. उकडलेल्या स्किपजॅकवरच एखाद्याने दिवस काढायचा ठरवला तर 2000 किलोकॅलरींसाठी त्याला दीड किलो मासा लागेल. त्यातून चारशे ग्रॅमहून अधिक प्रथिने पोटात जातील, आणि इतकी प्रथिने रोज हाताळणे माणसाच्या यकृताला झेपत नाही. चरबी आणि पिष्ट यांची जोड नसेल तर हा उत्तम मासाही माणसाला जगवू शकत नाही. चरबीची जोड माड देतो. ट्यूनाचा चुरा आणि खवलेला नारळ एकत्र कालवून केलेली मसहुनी हे त्या गरजेचे चविष्ट उत्तर आहे. पिष्टाचे काय? मालदीवची सुमारे 1200 बेटे मिळून जमीन 300 चौरस किलोमीटरच्या आसपास, तीही प्रवाळाच्या वाळूची. काही बेटांवर अळूसारखे कंद आणि थोडी भरड धान्ये होत, पण भातशेती शक्य नव्हती. तांदूळ बंगालमधून आणि मलबारातून यायचा, आणि त्याची किंमत कवड्यांनी, काथ्याने आणि सुक्या माशाने चुकवली जायची. कवड्या बंगाल आणि ओडिशात चलन म्हणून चालत, पुढे पश्चिम आफ्रिकेच्या गुलामांच्या व्यापारातही त्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात कवड्यांचा हा बाजार बसला, तेव्हा सारा भार माशावर आला आणि सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, त्याचे मुख्य गिऱ्हाईक बनले.

या व्यवहारात मुंबईचाही हात होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईच्या बोहरी व्यापाऱ्यांनी मालदीवची राजधानी माले इथे पेढ्या थाटल्या. तांदूळ आणि कापड आणायचे, सुका मासा न्यायचा, असा तो धंदा. त्यांचा बाजारावर इतका पगडा बसला की स्थानिक असंतोषातून त्यांच्या दुकानांना आगी लागल्या, आणि त्या गदारोळाच्या पार्श्वभूमीवर 1887 मध्ये मालदीवने ब्रिटिशांचे संरक्षण स्वीकारणारा करार केला. माशाच्या प्रथिनांइतकाच त्यांच्या बदल्याचा भाव कोण ठरवतो हा प्रश्न राज्याच्या स्वातंत्र्यापर्यंत पोचला होता. याहून कठोर पुरावा दुसऱ्या महायुद्धाचा आहे. जहाजे थांबली, तांदळाची आवक आटली आणि मालदीवमध्ये भीषण उपासमार झाली; लोकांनी झाडपाला उकडून खाल्ला. त्या वर्षांत समुद्रातला ट्यूना कुठे गेला नव्हता. गेला होता तो बदल्याचा मार्ग. पोषणमूल्य माशाच्या मांसात पूर्ण भरलेले असते असे मानणाऱ्याला या दुष्काळाचे स्पष्टीकरण देता येणार नाही.

दुसरा आक्षेप गिऱ्हाइकाच्या बाजूने घेता येतो. श्रीलंकेत या माशाला उंबलकड म्हणतात, तमिळनाडूत तो मासि म्हणून विकला जातो, आणि दोन्हीकडे तो चिमूटभरच वापरतात: संबोल या नारळाच्या चटणीत कुटून, भाजीत किंवा डाळीत भुरभुरून. मग ही नुसती चव झाली, अन्न कसले? जपानमधला कात्सुओबुशी हाही उकडून, धुरावून, वाळवून केलेला स्किपजॅकच, आणि त्यातल्या चवीचा एक मुख्य घटक, इनोसिनिक आम्ल, कोदामा शिंतारो यांनी 1913 मध्ये ओळखला. तेव्हा चवीचे पारडे जड आहे, यात वाद नाही. पण भातावर जगणाऱ्या माणसाच्या ताटात थोडासा मासाही वजनापेक्षा जास्त काम करतो. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल तोकडे पडते आणि ट्यूनात ते भरपूर असते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. तांदूळ, नारळ आणि पालेभाजी यांत बी-12 नसते. माशातले लोह शरीर सहज शोषते आणि सोबतच्या भाजीतले लोह शोषायलाही मदत करते. वीस ग्रॅम हिकिमसमध्ये शंभर ग्रॅम ताज्या माशाचा अर्क असतो, हे लक्षात घेतले तर चिमूट म्हणून ती उडवून लावता येत नाही. शिवाय ज्याच्या जोरावर गरीब घरातला कोरडा भात पोटभर जातो, ती चवसुद्धा पोषणाचाच भाग आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जुनी घडी विस्कटली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला परकीय चलनाच्या टंचाईमुळे श्रीलंकेने आयातीला कात्री लावली आणि मालदीवच्या सुक्या माशाचा सर्वांत मोठा बाजार कोसळला. त्याच सुमारास जपानी कंपन्यांची गोठवणारी जहाजे ताजा मासा थेट होड्यांकडून विकत घेऊ लागली. 1974 पासून धोनींना इंजिने बसू लागली, आणि 1978 मध्ये मालदीवमधल्या फेलिवारू इथे डबाबंद ट्यूनाचा कारखाना उभा राहिला. मिनिकॉयवर असा कारखाना 1969 मध्येच आला होता. मासेमारांना रोख पैसा मिळाला, मासेमारी वाढली, हे निर्विवाद. पण मासा होडीतूनच विकला गेला तेव्हा किनाऱ्यावरच्या चुली थंडावल्या, आणि चिरण्या-उकडण्यावर आपले उत्पन्न राखणाऱ्या बायका त्या व्यवहाराबाहेर पडल्या. आज मालदीवचा बराच स्किपजॅक गोठून थायलंडला जातो आणि तिथल्या कारखान्यांत शिजतो. डब्यांसाठी आधी मासा वाफवतात, मग फिकट मांस वेगळे काढतात. लोहाने समृद्ध असलेले गडद मांस बऱ्याचदा मांजरांच्या खाद्याकडे जाते. रिहाकुरुच्या हंड्याशी तुलना केली तर कोणत्या पद्धतीत माणसाच्या वाट्याला जास्त अन्न येते, हे सांगायला नको.

याचा अर्थ जुने सगळे चांगले होते असा घेऊ नये, आणि इथेच सर्वांत बळकट आक्षेपाला सामोरे जावे लागते. माशांनी वेढलेल्या, मासा रोज खाणाऱ्या मालदीवमध्ये मुलांचे कुपोषण दीर्घकाळ मोठे होते. 2009 च्या आरोग्य सर्वेक्षणातही पाच वर्षांखालील सुमारे एक पंचमांश मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. ट्यूना इतका पौष्टिक असेल तर हे कसे? भाज्या आणि फळे दुर्मीळ, लहान मुलांचा आहार एकसुरी, आजारपणे आणि दूरच्या बेटांवर आरोग्यसेवेची वानवा, अशी कारणे त्यामागे येतात, आणि त्यांतले एकही माशाच्या तक्त्यात दिसत नाही. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला मोडीत काढत नाही, उलट त्याची कड घेतो: एका अन्नाचे मोल त्याच्या शेजारच्या अन्नाशिवाय ठरत नाही. पाऱ्याबद्दलची आजची काळजीही अशीच नीट समजून घ्यावी लागते. मोठ्या, दीर्घायुषी माशांत पारा साठत जातो. काठी-गळाने पकडला जाणारा स्किपजॅक आकाराने लहान आणि अल्पायुषी असल्याने बिगआय किंवा ब्लूफिन या मोठ्या ट्यूनांपेक्षा त्यात पारा कमी असतो. मालदीवने शतकानुशतके याच माशावर भर दिला तो पाऱ्याच्या ज्ञानामुळे नव्हे, एका माणसाच्या काठीला पेलेल असा मासा तो होता म्हणून. पण त्या निवडीचा लाभ आजही खाणाऱ्याला मिळतो.

म्हणून 100 ग्रॅममागे 28 ग्रॅम प्रथिने हा आकडा खरा असला तरी तो उत्तराचा अर्धाच भाग सांगतो. उरलेला अर्धा भाग मासा पाण्याबाहेर आल्यावर किती वेळात शिजला, उकडलेल्या पाण्याचे काय झाले, शिजवणाऱ्याला त्याचा मोबदला मिळाला का आणि त्याच्या बदल्यात ताटात काय आले, या प्रश्नांत आहे. मिनिकॉयपासून कोकणापर्यंत आज मत्स्यव्यवसायाच्या योजना आखताना भर असतो तो जास्त टन मासा पकडण्यावर आणि तो गोठवून बाहेर पाठवण्यावर. मालदीवचा इतिहास सांगतो की मूल्य वाढते ते शिजवण्याच्या टप्प्यावर, आणि तो टप्पा ज्या गावात राहतो त्या गावात पोषण, रोजगार आणि भाव ठरवण्याची ताकद काही प्रमाणात तरी शिल्लक राहते. तो टप्पा परगावी गेला की किनाऱ्यावर मासा राहतो, पण त्याचे मोल दुसरीकडे मोजले जाते. बेटांवरच्या आणि किनाऱ्यावरच्या बायकांचे उकडण्या-वाळवण्याचे कसब हे जुनाट घरकाम समजून मागे टाकण्याऐवजी त्याला स्वच्छ जागा, चांगल्या भट्ट्या आणि थेट बाजार देणे हेच पोषणाचे आणि न्यायाचेही धोरण ठरेल.